आर्लांडाच्या दोन गाड्या: एक्स्प्रेस आणि लोकल

स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडलेल्या प्रवाशाला रेल्वेच्या दोन निरनिराळ्या पाट्या दिसतात. एक पाटी ‘आर्लांडा एक्स्प्रेस’कडे नेते, दुसरी ‘आर्लांडा सी’, म्हणजे आर्लांडा सेंट्रल, या स्थानकाकडे नेते आणि तेथून स्टॉकहोमची उपनगरी गाडी मिळते. स्वीडिश लोक या उपनगरी गाडीला ‘पेंडेलतोग’ म्हणतात. आपण तिला सरळ लोकल म्हणू. दोन्ही गाड्या विमानतळाच्या पोटातून निघतात, दोन्ही दक्षिणेकडे धावतात आणि दोन्ही शहराच्या मध्यभागी पोहोचतात. त्यामुळे एक जलद व महाग, दुसरी धीमी व स्वस्त, अशी ही एकाच सेवेची दोन रूपे असावीत असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मात्र या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. त्यांची विमानतळावरील स्थानके वेगळी आहेत, शहरातील स्थानके वेगळी आहेत, तिकिटे एकमेकींत चालत नाहीत, आणि लोकलच्या भाड्याचा मोठा हिस्सा प्रवासाचा नसून एका फाटकातून आत-बाहेर करण्याचा आहे. हे फाटक तेथे का आले, हे समजले की बाकीचे फरक आपोआप उलगडत जातात.

प्रथम दोघींची ओळख करून घेऊ. आर्लांडा शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. आर्लांडा एक्स्प्रेस हे अंतर अठरा ते वीस मिनिटांत कापते. तिचा कमाल वेग ताशी २०० किलोमीटर आहे आणि दिवसभर ती साधारणपणे दर पंधरा मिनिटांनी, गर्दीच्या वेळी त्याहूनही लवकर मिळते. विमानतळावर तिची दोन स्थानके आहेत: उत्तर स्थानक टर्मिनल ५ च्या खाली, तर दक्षिण स्थानक टर्मिनल २, ३ आणि ४ साठी. शहराकडे निघताना ती उत्तर स्थानकातून सुटते, दक्षिण स्थानकात थांबते आणि त्यानंतर थेट स्टॉकहोम सेंट्रलला पोहोचते. अधेमधे ती कोठेही थांबत नाही. फलाटांची उंची याच गाड्यांच्या दारांशी जुळवलेली असल्यामुळे चाकांची बॅग न उचलता सरळ आत ढकलता येते. मोठे सामान घेऊन येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ही सोय लहान वाटणार नाही.

लोकलचे स्थानक या दोन्हींहून निराळे आहे. आर्लांडा सेंट्रल हे टर्मिनल ४ आणि ५ यांना जोडणाऱ्या ‘स्काय सिटी’ या भागाच्या खाली खोलवर आहे आणि सरकत्या जिन्यांनी किंवा लिफ्टने तेथे उतरावे लागते. येथे लोकलखेरीज एसजे या सरकारी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. येथून सुटणारी लोकल स्टॉकहोम शहरात साधारण अडतीस ते चाळीस मिनिटांत पोहोचते आणि दिवसातील बऱ्याच वेळी ती अर्ध्या तासाने एक अशी असते. तिच्या मार्गाचे उत्तर टोक उप्साला हे विद्यापीठाचे शहर आहे. दक्षिणेकडे ती स्टॉकहोम ओलांडून पलीकडच्या उपनगरांपर्यंत जाते. म्हणजे विमानतळ हे एक्स्प्रेसचे टोक आहे, तर लोकलच्या वाटेवरचे ते केवळ एक स्थानक आहे. फलाटावर उभे राहताना गाडी उप्सालाकडची की स्टॉकहोमकडची, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. एक्स्प्रेसच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही.

आता त्या फाटकाकडे वळू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडन कठीण आर्थिक संकटात होते. विमानतळ वाढत होता, रस्त्यावरील वाहतूक आणि तिचा धूर ही चिंतेची बाब झाली होती आणि रेल्वेची गरज सर्वांना मान्य होती. परंतु तिचा सगळा खर्च सरकारी तिजोरीतून करण्याची तयारी नव्हती. तेव्हा खासगी भांडवलातून मार्ग बांधण्याचे ठरले. आधुनिक स्वीडनच्या रेल्वेत सरकार आणि खासगी कंपन्यांच्या भागीदारीचा असा मोठा प्रयोग प्रथमच होत होता. बांधकाम आणि अभियांत्रिकी कंपन्यांच्या समूहातून ‘ए-ट्रेन’ ही कंपनी उभी राहिली, तिने मुख्य मार्गापासून विमानतळाखालून जाणारा फाटा आणि स्थानके बांधली, आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये आर्लांडा एक्स्प्रेस सुरू झाली. बांधलेला मार्ग कागदोपत्री राज्याच्या मालकीचा झाला, परंतु तो चालवण्याचा आणि त्यातून उत्पन्न मिळवण्याचा हक्क कित्येक दशकांसाठी कंपनीकडे राहिला. पुढे २००४ मध्ये ही कंपनी ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी या गुंतवणूकदार समूहाने विकत घेतली. विमानतळाच्या गाडीतून मिळणारे उत्पन्न स्थिर आणि दीर्घकालीन असते, हे अशा गुंतवणूकदारांना चांगले कळते.

या कराराचा दुसरा भाग सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ए-ट्रेनने बांधलेल्या आर्लांडा सेंट्रलवर इतर कोणाचीही गाडी थांबली, तरी तेथे उतरणाऱ्या किंवा चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे शुल्क आकारण्याचा हक्क कंपनीला मिळाला. बीओटी तत्त्वावर बांधलेल्या रस्त्याचा टोलनाका महाराष्ट्रातील वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. आर्लांडा सेंट्रलच्या सरकत्या जिन्यांच्या वरच्या टोकाला असलेले फाटक हा तसाच टोलनाका आहे, फक्त येथे टोल वाहनाऐवजी माणसाकडून घेतला जातो. डिसेंबर २०१२ मध्ये स्टॉकहोमची लोकल विमानतळावर येऊ लागली, तेव्हा नवा मार्ग टाकावा लागला नाही; रूळ आणि फलाट आधीच होते. तिचे प्रवासी मात्र या फाटकातूनच जाऊ-येऊ लागले आणि शुल्क त्यांच्या तिकिटावर चढले.

हे शुल्क किरकोळ असते, तर त्याचा इतका विचार करण्याचे कारण नव्हते. स्टॉकहोमच्या सार्वजनिक वाहतुकीचे, म्हणजे एसएलचे, एकेरी तिकीट अलीकडच्या काळात ४० क्रोनरच्या थोडे वर राहिले आहे. आर्लांडाचे फाटक-शुल्क त्या तिकिटाच्या तिपटीहूनही अधिक आहे. दोन्ही मिळून होणारी रक्कम एक्स्प्रेसच्या पूर्ण दराच्या एकेरी तिकिटाच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. दर अधूनमधून बदलतात आणि प्रवासाआधी ते एसएलच्या ॲपवर पाहून घ्यावेत, परंतु हे आपसातले प्रमाण अलीकडच्या काळात साधारण असेच राहिले आहे. त्यामुळे ‘लोकल म्हणजे बसच्या भाड्यात शहर’ ही समजूत चुकीची आहे. लोकल स्वस्त आहे, पण जेवढी असायला हवी तेवढी नाही. आणि ज्या कंपनीची महाग गाडी टाळून आपण लोकलने जातो, तिच्याच तिजोरीत आपल्या भाड्याचा मोठा वाटा जातो.

शुल्काचे नियम नीट पाहिले, तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. ते प्रवासाच्या अंतरावर नाही, तर फाटक ओलांडण्यावर आहे. उप्सालाहून लोकलने स्टॉकहोमला जाणारा प्रवासी आर्लांडाच्या खालून जातो, त्याची गाडी तेथे थांबते, पण तो उतरत नाही. त्याला शुल्क पडत नाही. त्याच डब्यात शेजारी बसलेला आणि आर्लांडाला उतरणारा प्रवासी ते भरतो. एसजेच्या लांब पल्ल्याच्या गाडीने आर्लांडाला येणाऱ्याच्या तिकिटात ही रक्कम आधीच धरलेली असते, म्हणून त्याला ती जाणवत नाही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो एसएलचा चोवीस किंवा बहात्तर तासांचा पास घेतलेल्या पर्यटकाचा. हा पास लोकलमध्ये आर्लांडापर्यंत चालतो आणि म्हणून तो निश्चिंतपणे गाडीत बसतो. परतीच्या दिवशी विमान गाठण्याच्या घाईत वर येतो, तेव्हा फाटक त्याच्याकडे आणखी पैसे मागते. पास खोटा नसतो, तो फक्त प्रवासाचा असतो. फाटक त्याच्यात येत नाही. उलट एक्स्प्रेसमध्ये एसएलचे कोणतेही तिकीट, कोणताही पास मुळात चालतच नाही. ही गोष्ट सोपी आहे, पण दोन्ही गाड्यांच्या पाट्या एकाच दालनात दिसत असल्यामुळे ती विसरली जाते.

भाड्याच्या तुलनेत आणखी एक वळण आहे. एक्स्प्रेसचे एकट्या माणसाचे तिकीट डोळ्यांत भरण्याइतके महाग असले, तरी दोन ते चार प्रौढांनी एकत्र तिकीट काढल्यास माणशी दर बराच खाली येतो, आणि मोठ्या माणसांसोबतच्या मुलांनाही सवलत मिळते. लोकलमध्ये मात्र प्रत्येक प्रौढाला तिकीट आणि शुल्क वेगवेगळे पडते. परिणामी एकट्याने जाणाऱ्याला लोकलमध्ये होणारी बचत ठळक असते, पण चार जणांच्या कुटुंबात ती इतकी आटते की वीस मिनिटांचा फरक आणि सामानाची सोय पाहता एक्स्प्रेसच शहाणपणाची ठरू शकते. ‘कुटुंब मोठे, म्हणून स्वस्त गाडी’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे उलटा पडतो. विमानतळाच्या गाड्यांविषयी सल्ला देणारे बहुतेक जण एकट्या प्रवाशाचा दर सांगून थांबतात आणि नेमका हाच भाग सुटतो.

शहराच्या बाजूला दोघी वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचतात, आणि माझ्या मते निवड करताना भाड्याइतकेच, किंबहुना अधिक, वजन याला द्यायला हवे. एक्स्प्रेस जमिनीवरच्या जुन्या स्टॉकहोम सेंट्रल स्थानकात येते. तिच्यासाठी तेथे १ आणि २ क्रमांकांचे रूळ राखलेले आहेत आणि फलाटावरून काही पावलांत रस्त्यावर येता येते. लोकल त्या स्थानकात येतच नाही. जुलै २०१७ पासून लोकल गाड्या शहराखालून खोदलेल्या नव्या बोगद्यातून जातात. त्यापूर्वी लोकल, प्रादेशिक आणि लांब पल्ल्याच्या गाड्या अशा सगळ्यांना मध्य स्टॉकहोमच्या दक्षिणेस दोनच रुळांवरून जावे लागत असे, आणि एकोणिसाव्या शतकात आखलेल्या त्या अरुंद पट्ट्यामुळे सगळे वेळापत्रक अडखळत असे. सुमारे सहा किलोमीटरच्या नव्या बोगद्याने लोकल वेगळ्या केल्या आणि त्यांच्यासाठी ‘स्टॉकहोम सिटी’ व ‘ऊदेनप्लान’ ही दोन भूमिगत स्थानके दिली. तेथे फलाटाच्या कडेला काचेची दारे आहेत आणि गाडी थांबल्यावरच ती उघडतात.

स्टॉकहोम सिटी हे भुयारी रेल्वेच्या ‘टे-सेंट्रालेन’ या मुख्य अदलाबदल स्थानकाच्याही खाली आहे. हिरवी, लाल आणि निळी या भुयारी रेल्वेच्या तिन्ही मार्गिका तेथे भेटतात. ज्याला पुढे भुयारी रेल्वे पकडायची आहे, त्याच्यासाठी लोकल अधिक सोयीची आहे, कारण वर चढले की बदलीची गाडी हाताशी असते. आणि एसएलचे एकेरी तिकीट पंचाहत्तर मिनिटे चालत असल्यामुळे त्या पुढच्या प्रवासाला वेगळे पैसे पडत नाहीत. एक्स्प्रेसने येणाऱ्याला स्टॉकहोम सेंट्रलवरून भुयारी रेल्वेपर्यंत चालत जाऊन नवे तिकीट काढावे लागते. ज्याचे हॉटेल सेंट्रल स्थानकाच्या आजूबाजूला आहे, किंवा ज्याला तेथून योतेबोर्य अथवा माल्म्योची गाडी पकडायची आहे, त्याच्यासाठी हिशेब उलट आहे: त्याला खोल भुयारातून सामान वर आणण्याचे काहीच कारण नाही. ‘सेंट्रल’ आणि ‘सिटी’ ही दोन नावे एकाच जागेची समजून आप्तांना भेटण्याचे ठिकाण ठरवणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. दोन्ही स्थानके जोडलेली असली, तरी त्यांच्यामध्ये अनेक सरकते जिने आणि बरीच वर्दळ आहे.

मधल्या स्थानकांचा विचार केला की लोकलचे पारडे आणखी जड होते. उप्लांड्स वेस्बी, सोलेन्तुना, सोल्ना, ऊदेनप्लान, दक्षिणेकडे स्टॉकहोल्म्स सोद्रा, एल्व्हशो, फ्लेमिंग्सबेर्ग ही सर्व ठिकाणे लोकलच्या वाटेवर आहेत. एल्व्हशोला स्टॉकहोमचे मोठे प्रदर्शन-संकुल आहे. फ्लेमिंग्सबेर्गला विद्यापीठ आणि कारोलिन्स्काचे हुडिंगे येथील रुग्णालय आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्याने एक्स्प्रेसने सेंट्रलला येऊन पुन्हा लोकल पकडली, तर त्याचे पैसे जास्त जातात आणि वेळेची बचत जवळजवळ संपते. स्टॉकहोममध्ये नोकरीसाठी आलेले अनेक मराठी आणि एकूणच भारतीय अभियंते ज्या शिस्ता भागात काम करतात, जेथे एरिक्सनचे मुख्यालय आहे, तो भाग शहराच्या वायव्येला, विमानतळाच्याच बाजूला आहे. शिस्ता निळ्या भुयारी मार्गिकेवर असले, तरी लोकलच्या हेलेनेलुंड स्थानकावरून ते अगदी जवळ पडते. तेथे राहणाऱ्याने विमानतळावरून आधी पूर्ण शहरात जाऊन मग उत्तरेकडे परत येण्यात अर्थ नाही, आणि एक्स्प्रेसने त्याला हेच करावे लागते. मुलाकडे किंवा मुलीकडे प्रथमच येणाऱ्या आईवडिलांना एक्स्प्रेसच्या पाटीकडे पाठवण्यापूर्वी घर कोणत्या स्थानकाजवळ आहे, हे पाहणे म्हणूनच योग्य.

मग एक्स्प्रेस कोणासाठी? ज्याचे परतीचे विमान अगदी पहाटेचे आहे किंवा बैठक लांबल्यामुळे हातात वेळ उरलेला नाही, त्याच्यासाठी ती जवळजवळ पर्यायरहित आहे. अठरा मिनिटांच्या प्रवासापेक्षा पंधरा मिनिटांनी पुढची गाडी मिळण्याची खात्री येथे अधिक मोलाची आहे; लोकल चुकली, तर कधी अर्धा तास थांबावे लागते आणि त्या अर्ध्या तासात विमानाचे दार बंद होऊ शकते. केवळ मध्य स्टॉकहोममध्येच राहणाऱ्या दोघा-तिघांच्या गटालाही ती परवडते. उरलेल्या बहुतेकांना, विशेषतः दिवसाउजेडी एकट्याने येणाऱ्याला, लोकल पुरेशी आहे असे माझे मत आहे, आणि फाटकाच्या पैशांविषयी कितीही तक्रार असली तरी ते मत बदलत नाही.

फाटकच टाळण्याची एक वाट आहे, ती स्टॉकहोमकरांना चांगली ठाऊक आहे. टर्मिनलसमोरून एसएलची ५८३ क्रमांकाची बस जवळच्या मेर्स्ता स्थानकापर्यंत जाते आणि तेथून लोकलचा दुसरा मार्ग शहराकडे येतो. हे फक्त एसएलच्या तिकिटात होते, शुल्क लागत नाही, आणि बदल धरून साधारण एक तास लागतो. उप्सालाला जाणाऱ्यांसाठी तशीच सोय ८०१ क्रमांकाच्या बसने आहे. हातात एकच पिशवी आणि भरपूर वेळ असेल, तर ही वाट उत्तम. जानेवारीच्या रात्री दोन मोठ्या बॅगा घेऊन बसथांब्यावर उभे राहण्याचा सल्ला मात्र मी कोणालाही देणार नाही. विमानतळ ते शहर धावणाऱ्या खासगी बसगाड्याही आहेत, त्या रेल्वेस्थानकाशेजारच्या सिटीटर्मिनालेन या बसस्थानकावर सोडतात. मध्यरात्रीनंतर गाड्या थांबल्या की त्यांचा खरा उपयोग होतो. टॅक्सीचे भाडे स्वीडनमध्ये १९९० पासून नियंत्रणमुक्त आहे, त्यामुळे दारावर चिकटवलेला तुलनादर, म्हणजे ठरावीक नमुना-प्रवासाचे भाडे, वाचल्याशिवाय आत बसू नये, एवढेच येथे पुरे.

हे सर्व फक्त आर्लांडाला लागू आहे. काही स्वस्त विमानकंपन्यांच्या तिकिटावर ‘स्टॉकहोम स्कावस्ता’ असे लिहिलेले असते, तो विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १०० किलोमीटरवर, न्यूशोपिंग गावाजवळ आहे आणि तेथे यांपैकी एकही गाडी जात नाही. मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे येणारा प्रवासी आर्लांडालाच उतरतो आणि त्याची पासपोर्ट तपासणी तेथेच होते. फ्रँकफुर्टमार्गे आल्यास ती तपासणी जर्मनीत उरकलेली असते, त्यामुळे आर्लांडाला तो थेट सामानाच्या पट्ट्याकडे जातो. गाडीचे तिकीट ठरावीक वेळेचे काढण्याची गरज दोन्हींतही नाही, म्हणून विमान उशिरा आले तरी काही बिघडत नाही. एक्स्प्रेसचे तिकीट मात्र चढण्यापूर्वीच घ्यावे, कारण गाडीत ते जास्त पैशांना पडते. लोकलमध्ये तिकीट मिळतच नाही. बँकेचे कार्ड फाटकावर टेकवून किंवा ॲपवरून ते आधीच घ्यावे लागते.

परतीच्या दिवशी चुकण्याची एक जागा केवळ लोकलच्या वाटेवर आहे. स्टॉकहोम सिटीच्या उत्तरेकडे जाणाऱ्या फलाटावर उप्सालाची आणि मेर्स्ताची अशा दोन्ही गाड्या एकामागोमाग येतात, आणि नकाशावर मेर्स्ता विमानतळाला खेटून दिसत असल्यामुळे अनेक जण तिच्यात बसतात. ती गाडी आर्लांडाखालून जात नाही. आर्लांडाला थांबते ती उप्सालाची गाडी. चुकून मेर्स्ताच्या गाडीत बसलात आणि वेळीच लक्षात आले, तर उप्लांड्स वेस्बीला उतरून मागून येणारी उप्सालाची गाडी पकडावी. लक्षात येईपर्यंत मेर्स्ता आलेच, तर स्थानकाबाहेरून ५८३ क्रमांकाची बस थेट टर्मिनलपर्यंत नेते, आणि त्या वाटेवर फाटक लागत नाही.